भीम धरून तीन माणसं

बाळाच्या जन्मदाखल्यासाठी मी महापालिकेच्या खिडकीसमोर रांगेत उभी होते. माझ्या पुढे पेठकडचं एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांच्या हातात धोतरात बांधलेलं गाठोडं होतं.

"देवरामबाबा, घरकुलाच्या यादीत नाव लागलंय तुमचं. पण अर्जात माणसं तीन लिहिलीत. तिसरं कोण?" खिडकीतल्या मॅडमनी विचारलं.

"हा."

गाठोड्यातून डोळे वटारलेला लाकडी भीम निघाला. मी घाईने कडेवरच्या बाळाचं तोंड ओढणीत लपवलं.

"बोहाड्यात, देवांच्या सोंगांच्या जत्रेत, नाचवतो आमी. आज्याच्या आज्यापासून हाय घरात."

"मुखवटा माणसांत धरत नाहीत, बाबा. अशानं नाव कटतं."

"मी म्हणलं होतं, नको लिहू! पण ह्याचं डोकं भीमापरीस लाकडाचं," आजी म्हणाल्या.

"चिमणे, गप. मॅडम, नाव नका कापू. आठ महिने निवारा केंद्रात हाओत. तिथं ह्याला ठेवाया जागा नाय."

"एका खाटेवर मधी भीम निजतो, मॅडम. हा भिंतीकडं, मी काठाला. दोनदा खाली पडले."

"बरं, तीन खोडा, दोन लिहा, शेजारी सही करा. मी पाठवते पुढे."

"बाय, भीमाला धर जरा. ह्याला सही करू दे."

मी धरला. बाळाने वाकून मिशीच पकडली.

"ओढू दे गं. निघायच्या नाय त्या."

"झाली सही. मॅडम, नव्या घरात भीम ठेवू कुठं?"

"भिंतीला खिळा ठोकून टांगा."

"खिळ्याची परवानगी कोणत्या खिडकीत मिळंल?"

"अहो बाबा, घर तुमचं. विचारायचं कुणाला?"

"ऐकलंस? मग दोन ठोक. एकावर माझी पिशवी."