एकलीची टिकली

बजाबाई : हे तुझं तक्त्याचं कापड मी वाडीत न्यायची न्हाय.

आशिष : मावशी, चारला सभा आहे. सात रस्त्यावरनं स्टँड गाठायचं, मग मोडनिंबची एस्टी. आता काय नडलं?

बजाबाई : ह्या टिकल्या नडल्या.

आशिष : दोन दिवस चिकटवतोय की मी. एक बाई, एक टिकली. शिवणकेंद्रात नीट वागवतात म्हणाली ती हसऱ्या तोंडाखाली, नाही म्हणाली ती रडक्याखाली. वाचता न येणारीलाबी कळावं म्हणून केलं. मागचा इंग्रजी तक्ता बघून तुम्हीच म्हणला होता, ह्यात आमी कुटं हाय?

बजाबाई : म्हनले. आता लईच दिसाय लागलो. रडक्याखाली ही एक काळी कुनाची?

आशिष : नाव सांगायचं नसतं. लाल म्हणजे सवाष्ण, काळी म्हणजे विधवा. तेवढंच.

बजाबाई : केंद्रात विधवा किती?

आशिष : दोन.

बजाबाई : एक मी, झाडलोट करनारी. दुसरी?

आशिष : नाव नको, मावशी.

बजाबाई : बोल की.

आशिष : रेश्मा.

बजाबाई : कुनाला कळनार न्हाय, असा शब्द दिलातास पोरीला. केंद्र चालवनारी मालतीवहिनी सभेत म्होरंच बसनार. उद्या रेश्माला दारात तरी उभं करंल का ती?

आशिष : माझ्या डोक्यातच आलं नाही, मावशी. खरंच. सगळ्या लाल करतो. बावीस बायकांत एक, कोण ते कळणार नाही. पण मग नव्या मशीनवर विधवेला बसू देत नाहीत, हेबी दिसणार नाही. आमच्या संस्थेच्या ज्ञानदा मॅडम म्हणतील, एखादी रुसली असेल, बाकी झकास.

बजाबाई : थांब. तिलाच इचारते.

(बजाबाई बाहेर जाऊन फोन करून येते.)

आशिष : काय म्हणाली?

बजाबाई : म्हनली, रडक्याखाली माज्या एकलीचीच टिकली असंल तर काढा.

आशिष : काढतो.

बजाबाई : हात थांबीव. माजी कुटं लावलीयस?

आशिष : हसऱ्याखाली. सगळं ब्येस हाय म्हणला होता की तुम्ही. लिहून घेतलंय मी.

बजाबाई : लिवून घेत हुतास तवा मालतीवहिनी कुटं बसलीती?

आशिष : तुमच्या शेजारी. चहा घेऊन आल्या होत्या.

बजाबाई : मग? सात म्हैनं ती मशीन पुसतीया मी. एकदा बसू दिलं न्हाय.

आशिष : आत्ता शेजारी कोणी नाही. परत विचारतो. केंद्रात तुम्हाला नीट वागवतात का?

बजाबाई : न्हाय.

आशिष : मावशी, आज सभेत हे दिसलं तर उद्या तुमचं काम जाईल.

बजाबाई : म्हाईत हाय.

आशिष : अजून विचार करा. गाडीला वेळ आहे.

बजाबाई : माजी टिकली उचल, तिच्या शेजारी लाव. नीट दाबून लाव, यष्टीत पडाय नको.