पेटीचं झाकण

नाही म्हटलं ना, आत नाही सोडणार — तुम्ही परीक्षक असाल, पोरीची पदवी तुमच्या सहीवाचून अडली असेल, पण आत मोजणी चाललीय, दार उघडलं की हवा हलते. बसा त्या बाकावर. मी कोण? आरसे पुसणारी. एकतीस वर्षं पुसतेय, लेसरचे. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं इथल्या रद्दीतल्या पुस्तकांतून शिकले — कुणाच्या दारात विचारायला गेले नाही.

हसताय? बरं, पोरगी आत काय करतेय, सांगा बघू. मीच सांगते. पदार्थातला रेणू म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे समजा — एका टोकाला टिचकी मारली की दुसऱ्या टोकाचा रुमालही थरथरतो. लेसरचा पहिला झटका टिचकी मारतो, दुसरा मागोमाग बघायला जातो, थरथर कुठवर पोचली म्हणून. मधला वेळ किती? पापणी लवेपर्यंत असं अब्जावधी वेळा होऊन जाईल! आणि पोरगी म्हणते, थरथर सरळ धावत नाही, मध्येच एका जागी दम खाते. तुम्ही काय म्हणालात? छे, हिच्या आलेखाला करवतीसारखे दात आहेत, पोरगी निष्काळजी आहे. निष्काळजी — ती? अहो, दमट हवा हा लेसरचा उजेड पिऊन टाकते, म्हणून यंत्रावर पेटी, पेटीत कोरडी हवा, आणि मोजणी चालू असताना झाकणाला बोट लावू देत नाही ती कुणाला! तो आलेख निघाला त्या दिवशीसुद्धा जेवायला जाताना बजावून गेली, मावशी, आरसा उद्या पुसा — पण मला डाग दिसला होता, आणि मी काय कालची आलेय, दोन मिनिटांत पुसून झाकण —

हं.

काय बघताय? हो, उघडलं मी, दमट हवा आत शिरली. ते दात माझे — तोंडातले गेले तरी तिथे उगवले! तिला वाटलं पेटीच गळकी, आठवडाभर फट शोधत बसली. तुमच्यासमोर मान खाली घालून उभी होती ना, तेव्हा मी दाराआड होते, आणि ही एवढी लांब जीभ टाळ्याला चिकटली होती. म्हटलं, एकतीस वर्षांची अब्रू जाईल. गेली आता — बरं वाटतंय हो! लिहा तुमच्या वहीत, झाकण आरसेवालीनं उघडलं. पेन्सिलीनं नको, शाईनं. आणि ती बाहेर आली की आधी मी बोलणार, मग तुम्ही. तोवर एक शब्द काढायचा नाही — कळलं?