शेजारच्या टेबलावरचा हुशार

...आणि टाळ्या! एका मेलसाठी टाळ्या! जळतो म्हणून नाही सांगत हं, पण तुम्हीच सांगा, आमच्या खरेदी विभागातला तो चष्मिस, माझ्या शेजारच्या टेबलावरचा, त्यानं असं केलं तरी काय? माल पुरवणाऱ्या कंपनीच्या नावानं मेल आली, ‘आमचं खातं बदललंय, आजच्या आज पैसे नव्या खात्यात भरा.’ यानं पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला तर तो भलताच! मग कंपनीच्या जुन्या नंबरावर फोन लावून विचारलं. बस्स! फोन काय, माझी आजीसुद्धा लावते! पण मोठे साहेब खाली आले, त्याच्या पाठीवर थाप मारली, ‘वाचवलंत हो आपल्याला!’ आणि घरी बायको म्हणते, ‘अहो, किती हुशार हो ते भावजी!’ भावजी?!

जळतो म्हणून नाही सांगत, पण विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी, कधीपासून मी तिच्यावर डोळा ठेवून बसलोय, आणि हा मध्येच चमकणार? म्हटलं, एक खोटी मेल आपणही पकडायचीच! बसलो टपून. पण एक भामटा फिरकेल तर शपथ! भामट्यांनासुद्धा तोच दिसतो?

आणि सोमवारी आली! थेट मोठ्या साहेबांच्या नावानं, ‘अभिनंदन! तुम्हाला विभागप्रमुख करायचं ठरलंय. आज पाचच्या आत खालच्या लिंकवर होकार कळवा.’ घाई? आहे! लिंक? आहे! आमिष? अहो, केवढं! पत्ता तेवढा साहेबांचाच होता... म्हटलं, भामटा पोचलेला दिसतोय! साहेबांना फोन करून विचारावं, असं आलं मनात, नाही असं नाही, पण फोन करणं ही त्याची युक्ती! जळतो म्हणून नाही हो, पण मी का त्याची नक्कल करू? सरळ सगळ्या ऑफिसला कळवून टाकलं, ‘सावधान! साहेबांच्या नावानं आलेली ही मेल धादांत खोटी आहे!’ आणि बसलो टाळ्यांची वाट बघत.

साहेब आले. एकटेच. ‘ती मेल मी पाठवली होती,’ म्हणाले. ‘पद नको असेल तर तसं सांगायचं होतंत, चारचौघांत मला खोटं कशाला पाडलंत?’

खुर्ची कोणाला मिळाली, हे सांगायला हवं का?

काल चष्मिसची मेल आली, ‘केबिनमध्ये या.’ मी मुकाट्यानं फोन उचलला, विचारलं, ‘सर, ही आपणच पाठवलीत ना?’

तर पलीकडून म्हणतो कसा, ‘शाब्बास! शिकलात की तुम्ही!’

मिळाली हो... एकदाची मलाही शाबासकी मिळाली!