मुलीच्या लग्नातले भाषण

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरातल्या बेकरीत शनिवारची लांब रांग होती. एगॉनच्या पुढे निवृत्त भाषणलेखक थॉर्किल आणि त्यांची मुलगी सिग्ने उभे होते. त्यांचे बोलणे ऐकण्यावाचून एगॉनला गत्यंतर नव्हते.

"तुझ्या लग्नात मी बोलायचं नाही? बापाच्या भाषणाशिवाय लग्नाचं जेवण होतं कुठं?"

"सासरे बोलतील."

"अगं, मी जन्मभर मंत्र्यांची भाषणं लिहिली!"

"म्हणूनच, बाबा. चौदाव्या वर्षी चर्चमध्ये माझं कन्फर्मेशन झालं, त्या जेवणात तू माझ्या सायकलची गोष्ट सांगितलीस. संविधानदिनाला मंत्रीसाहेबांनी तीच रेडिओवर सांगितली, स्वतःच्या मुलीची म्हणून."

"त्यांना मुलीबद्दल काही सुचतच नव्हतं गं."

"वर्गात मला सगळे म्हणाले, तुझ्या बापानं ती मंत्र्यांची ढापली."

"कधी बोलली नाहीस."

"आता बोलतेय."

"आता मी निवृत्त झालोय. तुझ्या गोष्टी कुणाला देणार?"

"काल मंत्रीसाहेबांचाच फोन आला होता ना? आईनं सांगितलं. यंदाच्या संविधानदिनाच्या भाषणासाठी."

रांग पुढे सरकली. थॉर्किलनी खिशातून फोन काढला.

"नमस्कार, थॉर्किल बोलतोय. काल हो म्हणालो, पण नाही जमणार. नाही, तब्येत ठणठणीत आहे. मुलीचं लग्न आहे. नाही, लग्नानंतरही नाही."

पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत राहिले. थॉर्किलनी उत्तर देऊन फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मग मी बोलायचं काय?"

"आणि तू?"

"म्हटलं, तुम्हाला मुलगी आहे ना? तिला विचारा."

"बरं. जेवण गार होईल एवढं भाषण लांबवू नकोस, बाबा."