गालिच्याच्या पाठीवरच्या पाच गाठी

मी, खाली सही करणारी, वय ५६ वर्षे, धंदा जुन्या गालिच्यांची दुरुस्ती, राहणार दुकानावरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, सदर दुकान वडिलांचे असून आता मी व धाकटा भाऊ, वय ४४, मिळून चालवतो. मी लग्न केले नाही. भावाला दुरुस्तीचे काम मीच शिकवले.

एक निवृत्त डॉक्टर जुने गालिचे जमवतात. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी इराणातल्या भटक्या टोळीने विणलेला, सव्वाशे वर्षांचा, हातभर रुंदीचा गालिचा दुरुस्तीला दिला. तो कसरीने, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीने, खाल्ला होता. मी पाच ठिकाणी भरून काढला. दुरुस्ती लपवायची नाही, ही वडिलांची शिकवण. म्हणून प्रत्येक ठिकाणी पाठीमागे न रंगवलेल्या लोकरीची एक गाठ मारते. ती माझी खूण. दुरुस्तीनंतर गालिचा दुकानातल्या कपाटात होता. किल्ल्या आम्हा दोघांकडेच आहेत.

त्या काळात भाऊ रोज दुपारी तीनला विणकामाची शिकवणी घ्यायला म्हणून जात असे. कोणाची, हे मी विचारले नाही. सख्ख्या भावाला कोण विचारते?

काल सकाळी अकराला डॉक्टर गालिचा न्यायला आले. त्यांनी गालिच्यावर ओले फडके घासले, ते लाल झाले. जुना रंग असा सुटत नाही. गालिचा नकली होता. डॉक्टरांनी तो उलटा केला, तर पाचही खुणा जागच्या जागी. भाऊ म्हणाला, “ताई, खूण तर तुझीच आहे.”

डॉक्टर मला चोर म्हणाले.

मी भिंग लावून पाहिले. माझी गाठ उजवीकडे उघडते. या पाचही डावीकडे उघडत होत्या. दुकानात डावखुरा एकटा भाऊच. केसाने गळा कापला म्हणतात, तो असा. तिथे मी काही बोलले नाही.

लहानपणी वडील त्याचा डावा हात पाठीशी बांधून त्याला गाठी मारायला लावत. तो रडे. वडील जेवायला उठले की दोरी मी सोडत असे. मीच त्याला सांगितले होते, “मार डाव्याने. कुणाला कळतंय?”

खरा गालिचा कुठे आहे, मला माहीत नाही. भाऊ बाहेर बाकावर माझी पिशवी धरून बसला आहे. त्याला विचारावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे.