तुझ्या वाटची प्रार्थना

सुरतेतल्या भेस्तानहून कडोदऱ्याला निघालेल्या बसमध्ये मनीषा खिडकीशी गाणी ऐकत बसली होती. पुढच्या सीटवरून मराठी कानावर आलं, तसा तिने आवाज कमी केला. तिथे दोन बायका होत्या, एक साठीची, एक तिशीची.

“मार्थाकाकू, काल जेवायला बसले आणि तोंडून प्रार्थना निघाली. आमची लेक गेल्यापासून पहिल्यांदाच.”

“करुणा, प्रभूची कृपा गं.”

“आणि तुमची. चर्चमध्ये मी दगडासारखी बसायचे. तुम्ही म्हणालात, तू नुसती येत जा, तुझ्या वाटची प्रार्थना मी करते. बाकीचे म्हणायचे, हिचा विश्वास कमी पडतो.”

“म्हणू देत.”

“आता काकांच्या आजारपणात तुमच्यासाठी मी करीन. तुम्ही तर त्यांच्यासाठी किती धीरानं प्रार्थना करता.”

मार्थाकाकूंनी नकारार्थी मान हलवली.

“काकांसाठी मला शब्दच फुटत नाहीत गं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून.”

“पण दर रविवारी तुमचे ओठ हलताना मी बघते ना.”

“ते तुझ्यासाठी. तुझं नाव घेतलं की शब्द यायचे. तेवढ्यासाठी तर मी येत राहिले.”

मनीषाने गाणं बंदच केलं.

“काकू, हात द्या इकडे.”

“इथे? बस भरलीय.”

“असू दे.”

करुणाचा आवाज हळू होता, पण मागे स्पष्ट ऐकू येत होता.

“प्रभू, काकांना बरं कर. आणि मार्थाकाकूंना माझ्या शेजारी बसवलंस, त्याबद्दल तुझे आभार.”

“आमेन,” काकू म्हणाल्या.