हीट सिंकच्या पिना आणि आबांचा बैल

त्या दोन पिनांचं तुम्हाला सांगितलंच नाही का मी? अरे, ऐका तर!

आदिलाबादजवळच्या बेला गावात मी मोबाइल दुरुस्त करतो. झेरॉक्सवाल्या सुरेशभाऊंनी पहिल्यांदाच माझ्याकडे कॉम्प्युटर आणला. तो तापून बंद पडायचा. चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीट सिंक, काढून खालची वाळलेली पेस्ट बदलायची होती, पण त्याच्या प्लास्टिकच्या दोन पिना बोर्डातून निघतच नव्हत्या. मी पकडीनं ओढत होतो आणि बोर्ड करकरत होता.

"तडकला तं माहं दुकान बंद," सुरेशभाऊ म्हणाले. "दे वापस, आदिलाबादले नेतो."

बाहेर नामदेव आबांची बैलगाडी अडली होती. एक बैल जागचा हलेना. वैतागून आबा आत डोकावले.

"काऊन ओढून राह्यला रे? पाय रोवलेला बैल वेसण ओढून हालते का? आंधी पाय पाह्य त्याचे!"

मी बोर्ड उलटा केला. खरंच! खालून पिनेचे दोन पाय फाकलेले होते. पेनातली कांडी काढून रिकामी नळी त्या पायांवर दाबली. पाय जवळ आले आणि टक! पिन पलीकडून बाहेर उडाली. मग दुसरीही!

पेस्ट बदलून तासभर कॉम्प्युटर चालवला. बंद पडला नाही.

"कोठं शिकला बे हे?" सुरेशभाऊंनी विचारलं.

आठवीत शाळा सोडल्यापासून या प्रश्नाला माझी मान खाली जाते. त्या दिवशी मी ओरडूनच सांगितलं, "आबाच्या बैलापाशी!"

"मंग चाल बाहेर," आबा म्हणाले. "माहा अजून तिथंच उभा हाय."